शिरोरेषेतला बाक

आमच्या ह्यांना पहिल्यांदा वाकडी दिसली ती 'श्री गणेश प्रसन्न' या शब्दांवरची शिरोरेषा. दिवाळी नुकतीच होऊन गेली होती आणि तुळशीच्या लग्नानंतरच्या तारखांच्या पत्रिका यायला लागल्या होत्या. वाशीमला आमच्या घराच्या पुढच्या खोलीतच ह्यांचं काम चालतं. लग्नपत्रिका, वास्तुशांतीची कार्डं, दुकानांच्या पाट्या, पुण्यतिथीची बॅनरं. कॉम्प्युटरवर मजकूर आणि डिझाईन आम्ही करतो, छपाई बाजारातल्या प्रेसवर होते. मी आत कणीक मळत होते, तेवढ्यात ह्यांनी हाक मारली.

"इकडं ये जरा. ही वरची रेघ पाय. मधात खाली गेल्यासारखी नाई दिसत तुले?"

मी कणकेच्या हातानंच मागे उभी राहिले आणि पाहिलं. "मले तं सरळच दिसून राह्यली."

"तुले नाई कळत ते," हे म्हणाले. रागानं नाही, मीठ कमी आहे हे मी ह्यांना ज्या सुरात सांगते, त्या सुरात.

आणि मला ते पटलं. पटण्यासारखंच होतं. कॉम्प्युटर घरात यायच्या आधी हे पाट्या रंगवायचे. दुकानाच्या शटरवर, शाळेच्या भिंतीवर, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर. बाकीचे पेंटर आधी खडूची दोरी मारून रेघ आखून घेत, हे नुसता ब्रश टेकवायचे आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढत न्यायचे. लग्नानंतर एकदा ह्यांनी मला मुद्दाम नेऊन एक पाटी दाखवली होती आणि म्हणाले होते, पट्टी लावून पाय. मी नव्हती लावली. अशा माणसाला रेघ वाकडी दिसली, तर ती वाकडी असणारच. माझा डोळा पोळी गोल झाली की नाही एवढंच बघणारा.

मग ह्यांनी ती रेघ सरळ केली. म्हणजे ह्यांना सरळ दिसेल अशी केली. पत्रिका छापून गेल्या आणि चार दिवसांत, ज्यांनी त्या करून घेतल्या होत्या ते केनवडचे गृहस्थ अख्खा गठ्ठा घेऊन दारात. पोरीचं लग्न होतं त्यांच्या. चिडले नाहीत, पण चेहरा पडलेला.

"भाऊ, बाकी सारं झकास हाये. पण देवाचंच नाव वरती फुगलं ना राजा."

खरंच फुगलं होतं. मधली अक्षरं कमानीसारखी वर गेली होती. ह्यांनी ती पत्रिका हातात धरली, लांब नेली, जवळ आणली, आणि दुसऱ्या पत्रिका छापून द्यायचं कबूल केलं. ते गृहस्थ गेल्यावर हे कॉम्प्युटरकडे बघत म्हणाले, "ह्या मॉनिटरनं घात केला."

मॉनिटर होताही तसाच. चौकोनी, जुना, कुठल्यातरी ऑफिसातून निघालेला, सेकंडहँड घेतलेला. एका कोपऱ्यात पिवळट डाग, कडांना अंधार, लाईट कमीजास्त झाली की थरथरायचा. दोष मोजायला बसलं असतं तर खूप निघाले असते, त्यात अजून एक धरायला जड गेलं नाही. बाजारातल्या ओळखीच्या दुकानदाराकडे हे तो मॉनिटर गाडीवर बांधून घेऊन गेले. त्यानं आपल्या मशीनला जोडून पाहिला आणि म्हणाला, "इसमें खराबी कुछ नहीं है भाऊ. पुराना हो गया, इतनाच है." ह्यांनी घरी येऊन मला सांगितलं ते एवढंच, की पुराना हो गया.

मग नवा घ्यायचं ठरलं. त्या वर्षी कूलर घ्यायचा होता, तो पुढं ढकलला आणि तेवढ्यात बसेल तो मॉनिटर बघायचा, असं दोघांनी मिळून नक्की केलं.

यानंतरचे आठवडे आठवले की मला अजून कसंतरी होतं. कारण ते फार चांगले गेले. आमचं बोलणं तोवर कामापुरतंच उरलं होतं. गिऱ्हाईक आलं का, मजकूर तपासला का, गोळी घेतली का. शुगर होती ह्यांना, तिची गोळी. आता मात्र संध्याकाळचा चहा झाला की आम्ही दोघं खाटेवर शेजारी शेजारी बसायचो आणि एकाच मोबाईलवर मॉनिटरचे व्हिडिओ बघायचो. बावीस इंची की चोवीस इंची, यावर भांडायचो. आयपीएस पडदा कसा बाजूनं पाहिला तरी रंग बदलत नाही, आणि स्वस्तातल्या दुसऱ्या प्रकारात उभं राहून पाहिलं की हळदीचा पिवळा कसा फिक्का पडतो, हे मला तोंडपाठ झालं. जास्त हर्ट्झचा मॉनिटर गेम खेळणाऱ्या पोरांसाठी, आपल्याला त्याचं काम नाही, हे मी शोधून काढलं. आपल्या सीपीयूला फक्त जुन्या पद्धतीची निळी पिन लागते, म्हणून तशी जागा मागे असलेलाच मॉनिटर घ्यायचा, नाहीतर कन्व्हर्टर लागेल, हेही मीच. ह्यांना त्याचं फार कौतुक वाटलं. शेजारणीला सांगितलं, "आमच्या घरी इंजिनेर हाये आता."

एकदा वक्र पडद्याचा मॉनिटर दिसला. मी म्हटलं, हा पाहा, कसा वाकवलेला.

"वाकडा पडदा कायले पायजे बाप्पा? इथं सरळाचेच वांधे हायेत."

दोघंही हसलो. मोबाईल हातातून पडेपर्यंत हसलो.

ऑनलाईन थोडा स्वस्त पडत होता. पण हे म्हणाले, पेटवून पाह्यल्याबिगर मी घेत नाई. म्हणून सकाळच्या गाडीनं अकोल्याला गेलो. डबा सोबत होता, स्टेशनबाहेर झाडाखाली बसून खाल्ला आणि मग दुकानं फिरलो. प्रत्येक दुकानात हे आधी पडद्यावर एक आडवी रेघ मारायला लावायचे. मग मान डावीकडे, मग उजवीकडे, मग दोन पावलं मागं. आणि म्हणायचे, "नाई जमत." दुकानातली माणसं वैतागायची. एकानं तर तोंडावर म्हटलं, काका, रेघ सरळ आहे. मला त्याचा राग आला. तुला काय कळतं रे, असं मनात म्हटलं. माझा नवरा किती चोखंदळ आहे, याचा अभिमान वाटत होता मला त्या दिवशी.

शेवटच्या दुकानात एका बावीस इंचीपुढे हे बराच वेळ उभे राहिले.

"हा बरा वाटते," म्हणाले.

पुढं बऱ्याच दिवसांनी मी विचारलं, तेव्हा ह्यांनी सांगितलं की त्या मॉनिटरवरही रेघ मधोमध खचलेलीच दिसली होती. पण पाय दुखत होते, मी सकाळपासून उन्हात फिरत होते, आणि ह्यांना वाटलं, दुकानातल्या लायटीचा दोष असेल, घरी गेल्यावर बरोबर दिसेल. "तू इतकी खूश होती," म्हणाले.

परतीच्या गाडीत खोका आम्ही दोघांच्या मध्ये उभा धरून आणला. संक्रांत जवळ आली होती.

दुसऱ्या दिवशी मांडामांड केली. खिडकीचा उजेड पडद्यावर पडू नये म्हणून टेबल फिरवून दुसऱ्या भिंतीला लावलं. स्टँडचा स्क्रू मी पिळला. पडदा खाली वाटत होता आणि त्या स्वस्तातल्या स्टँडला उंची कमीजास्त करायची सोय नव्हती, म्हणून खाली पत्रिकांच्या नमुन्यांचे दोन अल्बम ठेवले. पहिल्यांदा सुरू केला तर सगळं आडवं ताणलेलं, सुरुवातीच्या चित्रातला गणपती जाडा. मग व्हिडिओत सांगितलं होतं तसं सेटिंगमध्ये जाऊन बरोबर माप निवडलं आणि गणपती गणपतीसारखा झाला. आख्खा पडदा पांढरा करून, मग काळा, मग लाल करून मेलेला, न पेटणारा ठिपका कुठं आहे का ते पाहिलं. एकही नव्हता. उजेड कमी केला. कंपनीनं दिलेला निळसरपणा काढला. मला तर टाळी वाजवावीशी वाटली.

मग ह्यांनी केनवडवाल्यांची दुसऱ्यांदा छापून दिलेली पत्रिका उघडली.

मान डावीकडे केली, मग उजवीकडे, मग खुर्ची मागं सरकवली. मी विचारलं, "काय झालं?"

"बाक तसाच हाये."

केबल काढून पुन्हा लावली. सेटिंग पहिल्यासारखं करून पुन्हा बदललं. कॉम्प्युटर बंद करून सुरू केला. जेवायची वेळ टळून गेली. शेवटी मी ड्रॉवरमधली स्टीलची पट्टी काढली आणि पडद्यावर शिरोरेषेला लावून धरली. अक्षरं पट्टीला अशी टेकली होती, जशी दोरीवर वाळत घातलेली.

"पाहा बरं. पट्टीले लागून हाये. कुठं हाये बाक?"

ह्यांनी पाहिलं. मग अगदी हळू म्हणाले, "पट्टी बी वाकडी हाये."

मी पट्टी खाली घेतली. हे खुर्चीतच वळले. एक डोळा हातानं झाकला, दाराच्या चौकटीकडे पाहिलं. मग दुसरा झाकला. पुन्हा पहिला.

"डाव्या डोळ्यानं पाह्यलं तं चौकट पोटात वळते," म्हणाले. "उजव्यानं थोडी कमी."

त्या खोलीत नवा मॉनिटर लख्ख पेटलेला होता आणि आमच्या दोघांपैकी कुणीही त्याच्याकडे बघत नव्हतं.

संक्रांत झाल्यावर पुन्हा अकोल्याला गेलो, तीच सकाळची गाडी. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी डोळ्यांत थेंब टाकून बसवलं, मशीनमधून फोटो काढले. मग आम्हाला आत बोलावून म्हणाल्या, "शुगरमुळे पडद्यावर सूज आहे. डाव्या डोळ्याचा पडदा बराच खराब झालाय."

हे एकदम हसले. मला कळेना. मग हे म्हणाले, "डॉक्टरीणबाई, आमी तं पडदा आत्ताच नवा घेतला."

बाईंना अर्थातच समजलं नाही. मी सांगितलं त्यांना सगळं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, वाकडं दिसायला कधी लागलं? दिवाळीनंतर, मी म्हटलं. त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं. मी विचारलं, "तवाच आलो असतो तर?"

"खात्रीनं कुणी सांगू शकत नाही," त्या म्हणाल्या. "पण उपयोग झाला असता."

तेवढंच म्हणाल्या. बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं, असं मला गाडीत वाटत राहिलं.

मग डोळ्यात इंजेक्शनं सुरू झाली. लग्नसराई तोंडावर होती आणि हे डोळ्याला पट्टी लावून खाटेवर. उजवा डोळा बराचसा राखला गेला. हे चालतात, फिरतात, बाजारातून भाजी आणतात, मोठी अक्षरं वाचतात. डाव्या डोळ्यात मात्र मधोमध धुरकट डाग आहे. ज्याच्याकडे बघावं तेच दिसत नाही, आजूबाजूचं दिसतं, असं सांगतात. रंग दोन्ही डोळ्यांना उतरलेले दिसतात.

काम मी शिकले. ह्यांनीच शिकवलं, शेजारी खुर्ची टाकून. रामनवमीला पोहरादेवीच्या यात्रेला जाणाऱ्या मंडळांची बॅनरं मी एकटीनं केली. लोक म्हणतात, वहिनी, काम चांगलं आहे. चांगलं आहे, चालतं. पण ह्यांच्या हातात जी नजर होती ती माझ्या हातात नाही, हे मला रोज दिसतं आणि ह्यांना, बरं म्हणा की वाईट, दिसत नाही. एखादा माणूस आत येतो आणि म्हणतो, भारी स्क्रीन घेतली. मी हो म्हणते आणि मजकूर विचारते.

मला जास्त सलतं ते दुसरंच. शुगर असलेल्या माणसाचे डोळे वर्षातून एकदा दाखवावेत, हे मला माहीत नव्हतं असं नाही. कुठंतरी ऐकलं होतं. पण वर्षापूर्वी चष्म्याचा नंबर काढला होता, म्हणून डोळे तपासले असं आम्ही धरून चाललो. ते जाऊ दे. सलतं हे की त्या आठवड्यांवर मला राग धरता येत नाही. खाटेवर एका मोबाईलवर वाकून बसलेले आम्ही दोघं, अकोल्याच्या स्टेशनबाहेरचा डबा, मधे उभा धरलेला खोका. त्या काळात ह्यांचा डोळा आतून जात होता आणि मी माझ्या संसारातले सगळ्यात गोड दिवस जगत होते. ते दिवस आठवायचे कसे, हे मला अजून जमलेलं नाही. ह्यांना मी हे कधी बोलले नाही. ह्यांना ते दिवस कसे आठवतात, तेही विचारलं नाही.

परवा एक पत्रिका करत होते. मुलाकडच्यांना लाल पार्श्वभूमी हवी होती. हे शेजारी बसून होते.

"कोनता लाल घेतला?"

"लालच हाये," मी म्हटलं.

"लालात बी किती असते. कुंकवासारखा हाये का मिरचीसारखा?"

मी पडद्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. कुंकवासारखा म्हणावा तर जरा उजळ होता, मिरचीसारखा म्हणावा तर जरा गडद.

"मधला हाये," मी म्हटलं.

"मधला कोनता असते वं?" हे म्हणाले, आणि मी काहीतरी सांगेन म्हणून थांबले. मी रंग थोडा गडद केला, थोडा उजळ केला, पुन्हा होता तिथं आणला.

"बरं, राहू दे," हे म्हणाले. "तुले बरा वाटते ना? मंग पाठव प्रेसवर."