शून्यावर आणलेलं पाणी

समुद्र विकत आणून दिवाणखान्यात ठेवणाऱ्या माणसांबद्दल मला कधीच आदर वाटला नाही. माझा भाचजावई त्यांतलाच. पुण्याहून बंगळूरला नोकरीला आला, महादेवपुऱ्यात अकराव्या मजल्यावर फ्लॅट घेतला आणि भिंतभर काचेची टाकी बसवली. तिच्यासाठी पीण्याच्या कारखान्यांच्या वसाहतीतून स्टीलचं स्टँड घडवून आणलं. आत जिवंत प्रवाळ, खडकाचे तुकडे आणि दोन केशरी मासे. भाचीला ताप आला तरी याला संध्याकाळी कळायचं, टाकीचं तापमान मात्र तो ऑफिसातून तासातासाला बघायचा.

एका रविवारी सकाळी त्याचा फोन आला.

"मावशी, टँकमध्ये ब्राऊन स्लाइम झालाय. तुमचं ते अल्गीचं काहीतरी होतं ना? जस्ट येऊन बघाल?"

तुमचं ते अल्गीचं काहीतरी, म्हणजे माझी सगळी नोकरी. प्रवाळखडकांवर वाढणारी, डोळ्यांना न दिसणारी शैवालं ओळखण्यात माझं आयुष्य गेलं. बेटांवरून बाटल्या यायच्या आणि मी त्यांतल्या जातींच्या याद्या करायचे. काही जाती विष तयार करतात. ते माशांत जातं, माशांतून माणसांत जातं, कधी नुसत्या तुषारांतूनही छातीत जातं. पण प्रत्येक ठिकाणची प्रत्येक जात विषारी निघतेच असं नाही, म्हणून अहवालात आम्ही लिहायचो, 'विषारी असू शकते'. फार सोयीचं वाक्य. चुकलो तरी कुणी पकडू शकत नाही आणि बरोबर निघालो तर आम्ही सांगितलंच होतं. या वाक्यावर मी पेन्शनला आले.

जुना सूक्ष्मदर्शक मांडीवर घेऊन इंदिरानगरहून रिक्षाने गेले. दार त्यांच्या कामवाल्या अक्काने उघडलं. पन्नाशीची बाई, वर्षभर या घरात स्वयंपाक आणि झाडलोट करणारी. माझ्याशी कन्नडात बोलायची, कारण घरात तिची भाषा येणारी मी एकटीच. जावईबापूंना 'स्वल्प' म्हणजे थोडं आणि 'सरी' म्हणजे बरं, या दोन शब्दांपुढे गरज वाटली नव्हती. ती खोकत होती.

"काय झालं?" मी विचारलं.

"स्वल्प खोकला, अम्मा. तीन दिवस झाले. दगड घासायला बसलं की वाढतो."

तेवढ्यात जावई आलाच. "रॉक्स मी रोज बाहेर काढून उकळत्या पाण्यात स्क्रब करून घेतोय," तो म्हणाला. "प्रॉपर डीप क्लीन." करून घेतोय. घासत होती ती, धुण्याच्या बाल्कनीत टब मांडून, खिडक्या बंद ठेवून, कारण बाहेरची धूळ टाकीला चालत नव्हती.

मी जेवणाच्या टेबलावर सूक्ष्मदर्शक मांडला. तपकिरी बुळबुळीचा एक थेंब काचपट्टीवर घेतला आणि डोळा लावला. क्षणात ओळखलं. ऑस्ट्रिऑप्सिस. जिच्या जातींपुढे आम्ही 'विषारी असू शकते' लिहायचो, तीच. एका टोकाला निमुळते दाणे, चिकट धाग्याला अडकून जागच्या जागी गिरक्या घेणारे, खुंट्याला बांधलेल्या वासरासारखे. इतकी वर्षं बाटल्यांत मेलेले पाहिले होते. हे जिवंत होते. मला आनंद झाला, हे लपवण्यात अर्थ नाही. अंगावर रोमांच उभे राहिले. आता जात कुठली ते बघायचं, म्हणून मी त्यांच्या कवचावरच्या चकत्या मोजायला घेतल्या.

अक्का शेजारी उभी राहून पाहत होती. तिला खोकल्याची उबळ आली, टेबल हललं आणि माझे दाणे दृष्टीआड गेले.

"अक्का, तिकडे जाऊन खोका," मी मान वर न करता म्हटलं. "टेबल हलतंय."

"सरी, अम्मा," म्हणून ती बाल्कनीत गेली. टबापाशी.

मी मात्र जावयाला धडा द्यायला घेतला. खऱ्या खडकावर चिमूटभर खरवडलं तरी दहा-बारा तऱ्हेचे जीव निघतात. त्यांत विषारीही असतात, पण गर्दीत असतात. जागेसाठी, अन्नासाठी सगळे एकमेकांना रेटत राहतात, कुणी एकटा माजत नाही. इथे थेंबामागून थेंब पाहिला, सगळीकडे ही एकटीच.

"पण मावशी, माझं नायट्रेट झीरो आहे, फॉस्फेट झीरो आहे," तो मोबाइलवरचा आलेख माझ्या नाकासमोर धरून म्हणाला. "परफेक्ट पॅरामीटर्स."

"तेच तर, जावईबापू. तेच या जिवांचं खाणं. सगळ्यांना उपाशी मारलंत आणि हिला मोकळं रान दिलंत."

त्याचा चेहरा पडला. मला फार बरं वाटलं. मग त्याने एक्झॅक्ट स्पीशीज विचारली आणि नुसत्या या भिंगाखाली जात का सांगता येत नाही, यावर मी आणखी वीस मिनिटं बोलले. त्याला शून्यांचा माज होता, मला नावांचा. आम्ही एकमेकांना अगदी शोभत होतो.

बाल्कनीत काहीतरी आपटलं. दार उघडलं तर आत वाफच वाफ. टबाशेजारी अक्का भिंतीला टेकून बसली होती, ओठ काळे पडले होते, श्वासाला शिट्टीसारखा आवाज येत होता. हातात ब्रश तसाच होता.

दवाखान्यात डॉक्टरांना मी सगळं नीट सांगितलं, शैवालाच्या नावासकट. त्यांनी ते लिहून घेतलं. जावई बाहेर फोनवर माशांची सोय बघत होता.

चौथ्या दिवशी भेटायला गेले तेव्हा ती उशीला टेकून बसली होती. दोन वाक्यं बोलली की धाप लागत होती. जिने चढायची कामं आता होणार नाहीत, असं डॉक्टर तिला म्हणाले होते.

"अम्मा, त्या दगडांवर विष होतं म्हणतात. तुम्हाला त्या यंत्रात दिसलं होतं?"

असू शकतं, हे शब्द माझ्या तोंडात तयारच होते. ते मी गिळले.

"दिसलं होतं."

"कधी?"

"तुम्हाला तिकडे जाऊन खोका म्हटलं ना," मी म्हणाले, "त्याच्या आधी."