पिवळ्या टेपची जोडणी

माझी आत्या गाडीचं बॉनेट उघडते तेव्हा आधी काहीच बोलत नाही. कमरेवर हात ठेवून, शाळा चुकवून आलेल्या पोराकडे पाहावं तशी इंजिनाकडे पाहते आणि मग विचारते, "हं, काय केलंस?" प्रश्न इंजिनाला असतो, उत्तर मात्र गाडीचा मालक देतो. घाम पुसत देतो.

सव्वीस वर्षं ती चिखलातून आलेल्या गाड्या दुरुस्त करते आहे. तिच्या गॅरेजपुढे डांबर संपतं आणि नदीकाठच्या वस्त्यांकडे जाणारा कच्चा रस्ता सुरू होतो, त्यामुळे गिऱ्हाईक शोधायला तिला कधी लांब जावं लागलं नाही. चिखलाने रेडिएटर बुजतो, पंखा अडकतो, वायरींत पाणी शिरतं, इंजिन तापतं. हे सगळं ती नुसत्या बोटांनी ओळखते.

तिने जोडलेल्या वायरींवर पिवळी टेप असते. ती दिसली की तिथे हात लावायचा नाही, दोष दुसरीकडे शोधायचा, असा गॅरेजातल्या कारागिरांचा नियम. तो त्यांनीच मानाने केला होता. पण मानाची सवय लागते. हळूहळू आत्याही तो पाळायला लागली.

त्या दुपारी फिरत्या दवाखान्याची जीप दोरीने ओढत आणली. महिन्यात तिसऱ्यांदा. जीपचा ड्रायव्हर एकोणीस वर्षं तीच गाडी चालवणारा, आत्याला ताई म्हणणारा, एरवी बोलका माणूस. त्या दिवशी त्याच्या हातात दवाखान्याच्या शिक्क्याचा कोरा कागद होता. डॉक्टरबाईंनी सांगितलं होतं की गाडी खराब आहे की चालवणारा, हे मेकॅनिककडून लेखी आणा. चालवणारा असेल, तर संध्याकाळपासून किल्ली दुसऱ्याकडे आणि हा ऑफिसात स्टुलावर.

खरं तर निकाल लागल्यातच जमा होता. आत्याने दोनदा फोनवर डॉक्टरबाईंना सांगितलं होतं की गाडी डांबरावर तापत नाही, फक्त चिखलात तापते, म्हणजे हा चिखलात दामटतो आणि नंतर धूतही नाही. त्यात तिचा दुष्टावा नव्हता. तिला तसंच वाटत होतं.

ड्रायव्हर मात्र एकच पालुपद लावून बसला होता. गाडी तापली की पुढे जाऊन उभा राहतो, तर गरम वारा भसाभसा तोंडावर येतो.

"मग काय थंड येणार?" आत्या म्हणाली. "इंजिन आहे ते भाऊ, कूलर नाही."

सगळे हसले. मीही हसले. तो हसला नाही.

आत्याने पाइप घेऊन जीप पुढून मागून धुतली, जाळीतून चिखलाच्या खपल्या काढल्या, रेडिएटरमध्ये पाणी भरलं आणि इंजिन सुरू केलं. ते तापत गेलं तसा पंखा घरघरत फिरायला लागला. फिरतोय की नाही, बघून घ्या, असं तिने ड्रायव्हरला सांगितलं. तो वाकून बघून आला. फिरत होता खरा. त्याचे खांदे पडले.

आत्याचे हात ओले होते, म्हणून लिहायचं काम माझ्याकडे आलं. मी जीपसमोर उभी होते आणि पेन पर्सच्या तळाशी गेलं होतं. ते शोधेपर्यंत मी कागद जीपच्या पुढच्या जाळीवर टेकवला. हा लहानपणचा खेळ, आत्यानेच शिकवलेला. पंखा वारा आत ओढतो, म्हणून कागद जाळीला आपोआप चिकटून राहतो. 'गाडीने कागद गिळला' म्हणून मी टाळ्या पिटायचे.

मी हात सोडला आणि कागद फाडकन उडून आत्याच्या पोटावर आपटला.

मला वाटलं, नीट टेकवला नसेल. परत लावला. परत उडाला. तिसऱ्यांदा लावायला गेले तर आत्याने माझं मनगट धरलं.

"बंद कर," ती म्हणाली. कुणाला म्हणाली कळलं नाही. शेवटी ड्रायव्हरनेच किल्ली फिरवली.

ती पंख्यामागे वाकली. वायरी जिथे जोडल्या होत्या तिथे पिवळी टेप होती. गेले तीन आठवडे त्या टेपपाशी येऊन प्रत्येकाचा हात मागे फिरला होता, तिचाही. तिने टेप सोलली, केरोसीनच्या बोळ्याने वायरी पुसल्या. चिखल निघाला तशी लाल वायर काळीला जोडलेली दिसली आणि काळी लालला. महिन्यापूर्वी गंजलेला प्लग कापून तिने दोन्ही वायरी थेट जोडल्या होत्या. तेव्हा दोन्हींचा रंग एकच होता, चिखलाचा.

वायरी उलट, म्हणून पंखा फिरत होता तोही उलटा. गरम वारा पुढे ढकलत होता. डांबरावर गाडी पळते, समोरचा वारा जोरात आत घुसतो, भागून जातं. चिखलात गाडी रांगते, तेव्हा पंख्याशिवाय इंजिनाला कुणी नसतं.

आत्या मटकन टायरवर बसली. तिला असं बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

"भाऊ, हे मी केलं."

ड्रायव्हरने वाकून त्या दोन वायरी पाहिल्या. मग अगदी हळू म्हणाला, "परवा गाडी बंद पडली तेव्हा आत एक बाई होती, ताई. नववा महिना. वस्तीतल्या माणसांनी दोन तास ढकलली."

आत्याने वर पाहिलं.

"सुखरूप आहे. मुलगी झाली."

आत्याने तोंडावर हात दाबून धरला. मग उठली, माझ्या हातातून कागद ओढून घेतला आणि ओल्या, काळ्या बोटांनी स्वतः लिहिलं: पंखा उलटा फिरत होता. जोडणी माझी. ड्रायव्हरचा दोष नाही. मी फोनवर दोनदा चुकीचं सांगितलं. खाली सही. एका जुन्या कारागिराने, ताई, 'वायरीत बिघाड' एवढंच लिहिलं तरी चालेल, असं सुचवलं. तिने त्याच्याकडे नुसतं पाहिलं. तो पान्हे पुसायला लागला.

वायरी तिने नव्याने जोडल्या. टेप गुंडाळायच्या आधी थांबली आणि त्याच कारागिराला बोलावून म्हणाली, "तपास." तो बिचारा कावराबावरा झाला. आत्याच्या हातची जोडणी त्याने आयुष्यात तपासली नव्हती.

इंजिन पुन्हा सुरू झालं, पंखा लागला. जाळीला लावून बघायला मी कागदासाठी हात पुढे केला, तर ड्रायव्हरने तो घडी करून खिशात टाकला.

"कागद नको," तो म्हणाला. "ताई, तुम्ही उभ्या राहा."

आत्या गुमान जीपसमोर गेली आणि जाळीजवळ चेहरा नेऊन वाकली. तिच्या कपाळावरच्या पांढऱ्या बटा उठल्या आणि जाळीच्या दिशेने ओढल्या गेल्या. वारा आता बरोबर आत जात होता, तरी तो गरम वारा खात उभा राहायचा तिथेच ती वाकून राहिली. तोही इंजिन बंद करायला किल्लीला हात लावेना.