बिनपगारी बीजमित्र

निवृत्त माणसाला किस्से शोधत हिंडावं लागत नाही. त्याने नव्या जालन्यात चहाच्या टपरीवर नुसतं बसावं. ऑफिस सुटलं की जुने सहकारी येतात, एकेक किस्सा टाकतात आणि चहाचं बिल त्याच्याच गळ्यात घालून जातात! आमची बियाण्यांची कंपनी टपरीच्या समोरच असल्याने माझा साठा कधी संपत नाही.

*

मी तक्रारींच्या टेबलावरचा कारकून. निवृत्तीच्या दिवशी नव्या मॅनेजरसाहेबांना विचारलं, "माझ्या जागी कोण?"

"शेतकरी!"

"कोणता?"

"सगळेच. व्हॉट्सॲप ग्रुप काढतोय, 'बीजमित्र'. एक तक्रार करेल, दुसरा उत्तर देईल."

"आणि पगार?"

साहेब इतके हसले, की त्यांना पाणी द्यावं लागलं.

*

ग्रुप भरायचं काम रफिकभाईंकडे आलं. घनसावंगी भागातले ते आमचे फिल्ड ऑफिसर. बांधावर जाऊन पीक बघायचं, सल्ला द्यायचा, ही त्यांची नोकरी. लोक कंपनीला नव्हे, त्यांना ओळखत. त्यांच्या शब्दावर गावंच्या गावं ग्रुपमध्ये आली.

मी म्हणालो, "रफिकभाई, ग्रुपच सल्ला द्यायला लागला तर तुमची नोकरी?"

"काय बी बोलता भाऊसाहेब! माणूस गेल्याबिगर पीक कोण बघणार?"

*

पूर्वी नव्या वाणाला नाव द्यायला मुंबईहून जाहिरातवाले यायचे आणि जाड बिल लावायचे. आता साहेबांनी ग्रुपवरच स्पर्धा लावली.

एका म्हाताऱ्याने लिहिलं, "'जावई' ठेवा. खतपाणी भरपूर घेतो, देतो काय ते बघायचं राह्यलं."

साहेबांना ते काही पटलं नाही. 'लखपती' हे नाव जिंकलं. सुचवणाऱ्याला बक्षीस म्हणून कंपनीचं कॅलेंडर मिळालं. ऑक्टोबरात!

*

अंबडकडच्या एकाने पानं आकसलेल्या कपाशीचा फोटो टाकला. कुणी ताक फवारायला सांगितलं, कुणी शेत विकायला. एकाने गुलाबाच्या फुलासकट 'शुभ सकाळ' पाठवलं.

शेवटी रफिकभाई मोटारसायकल काढून शेतावर गेले. गड्याने तणनाशकाचा पंप न धुता त्यातूनच कपाशी फवारली होती.

महिन्याच्या अहवालात साहेबांनी लिहिलं, 'समस्या समुदायाने सोडवली. खर्च शून्य.' पेट्रोल रफिकभाईंचं होतं.

*

ग्रुपची एक रीत पडली होती. कुणाचाही निरोप आला, की खाली अंगठ्याचं चित्र टाकायचं. न टाकणारा माजला, असं समजत.

एका सकाळी साहेबांनी हातभर लांब मेसेज टाकला. गोड बोलून शेवटी लिहिलं, 'आता बीजमित्रच एकमेकांना सल्ला देतात. फिल्ड ऑफिसरची गरज उरलेली नाही. आपलं मत कळवा.' दुपारपर्यंत अंगठेच अंगठे!

साहेबांनी रफिकभाईंना बोलावून फोन पुढे केला, "बघा, तुमचेच लोक!" त्या दिवशी रफिकभाईंची नोकरी गेली.

रोज त्यांना घरी जेवायला बसवणाऱ्या घनसावंगीच्या दत्तरावांना मी फोनवर झापलं, "अहो, काय केलंत हे?"

"येवढं लांब कोण वाचून राह्यलं, भाऊसाहेब? साहेबाचा मेसेज आल्ता, मंग टाकला अंगठा. रफिकभाईनं बी टाकलाय की!"

मी ग्रुप उघडून बघितलं. टाकला होता.

*

नोकरी गेली तरी रफिकभाई ग्रुपमध्येच राहिले. "बाहेर पडलो तर लोकान्ला बुरं वाटंल," म्हणाले. फोटो आला की त्यांचं उत्तर जायचं.

पुढे कंपनीने सगळ्यात जास्त उत्तरं देणाऱ्याला 'सर्वोत्तम बीजमित्र' ठरवलं. नाव निघालं रफिकभाईंचं! रविवारी सत्कार ठेवला. खांद्यावर शाल पडली, हातात नारळ आला, तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. कुणीतरी रोगट मिरचीचा फोटो टाकला होता. रफिकभाईंनी नारळ काखेत धरला आणि स्टेजवरच उत्तर लिहायला घेतलं.

साहेब माइकवर गहिवरले, "बघा मंडळी! पगारावर होते तेव्हा हेच रविवारी सुट्टी घ्यायचे!"

टाळ्या कडाडल्या. रफिकभाईंनीही वाजवल्या. काखेत नारळ होता, म्हणून जरा बेताने.