खिट्टीकाकांचं वाचन

माझे धाकटे काका दारं-खिडक्या बनवणाऱ्या कारखान्यात सुतार होते. तिथे त्यांना सगळे खिट्टी म्हणत. फुगलेल्या खिडकीची खिट्टी जशी निम्म्यात अडकून बसते, तसा काकांचा शब्द अडकायचा. मान ताठ व्हायची, डोळे मिटायचे, ओठ थरथरायचे आणि समोरचा माणूस घाईघाईने त्यांचं वाक्य स्वतःच पुरं करून टाकायचा. बहुतेक वेळा चुकीचं. एकदा त्यांना बिजागरी हवी होती, तर 'बि... बि...' ऐकून मुकादमाने बिस्किटाचा पुडा पुढे केला. काकांनी मुकाट्याने एक बिस्कीट खाल्लं. 'नको' म्हणायला आणखी दोन मिनिटं गेली असती.

काकांच्या लहानपणी चर्चच्या धर्मशिक्षणाच्या वर्गात सिस्टरांनी एकदा सांगितलं होतं, की संत जोसेफ सुतार होते आणि सबंध शुभवर्तमानात त्यांच्या तोंडचा एकही शब्द नाही. बाकीची मुलं खिडकीबाहेर बघत होती. काका मात्र ते वाक्य घेऊन घरी आले आणि त्यांनी ते जन्मभर सांभाळलं. देवाच्या घरात न बोलणाऱ्याचीही सोय आहे, हे त्यांना त्या दिवशी कळलं. पुढे सुतारकी धरली तीही त्याच ओढीने. कामाच्या ओट्यामागच्या भिंतीला त्यांनी जोसेफांची तसबीर टांगली होती. सकाळी रंधा हातात घेण्याआधी ते तिला बोटं लावत आणि दर बुधवारी चर्चमध्ये जोसेफांच्या मूर्तीपुढे मेणबत्ती लावत. बोलणं त्यांनी हळूहळू सोडूनच दिलं. कानावर पेन्सिल, खिशात कागदाचे चतकोर तुकडे. काय हवं ते लिहून द्यायचं. आम्हा पुतण्यांच्या वाढदिवसालाही चिठ्ठीच मिळायची, पण अक्षर असं सुरेख की फेकवत नसे.

काकांना एकच मुलगी, चिमी. चार वर्षांची होईपर्यंत ती नुसती टकळी होती. काकू म्हणायच्या, "बापाच्या वाटचंही हीच बोलून घेते." मग पाचव्या वर्षी एका दुपारी ती 'बाहुली' म्हणायला गेली आणि 'ब'वरच थांबली. काकांनी हातातला पेला खाली ठेवला. आपली मान कशी ताठ होते ते त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. त्या दिवशी त्यांना ते मुलीच्या मानेत दिसलं.

त्यांनी जोसेफांची नोव्हेना, म्हणजे नऊ दिवसांची प्रार्थना केली. पुन्हा केली, मग तिसऱ्यांदा. मागणं एकच, माझं राहू दे, तिचं जाऊ दे. चिमीचं अडखळणं वाढतच गेलं. मग एका बुधवारी काका चर्चला गेले नाहीत, आणि त्यानंतरच्याही नाहीत. तसबीर जागेवर होती, पण बोटं लावणं थांबलं. काकूंनी विचारलं तेव्हा त्यांनी लिहून दिलं, 'ते ऐकत नाहीत.'

चिमी सात वर्षांची असताना शाळेत कविता म्हणायच्या होत्या. बाईंनी तिचं नाव गाळलं. चांगल्या मनानेच गाळलं असेल. पोरीचं हसं नको म्हणून. संध्याकाळी काका हातपाय धुऊन बसले तेव्हा ती त्यांच्यापुढे आली आणि तिने त्यांच्या हातात एक चिठ्ठी ठेवली. 'बाबा, भूक लागली.' वाकडंतिकडं, पण त्यांच्यासारखंच तिरपं अक्षर. मी तिथेच अभ्यास करत बसले होते.

"अगं, तोंडाने सांग ना!" काकू म्हणाल्या.

चिमीने मान हलवली आणि दुसरी चिठ्ठी काढली. ती तिने आधीच लिहून ठेवली असणार. 'मी आता बाबांसारखी. संत जोसेफ पण बोलत नव्हते.'

काकांचा चेहरा असा उतरला की मी वही मिटली. ते उठले, चपला घातल्या आणि तडक फादरांकडे गेले. काकूंनी मला मागोमाग पाठवलं.

फादर म्हातारे होते. त्यांनीच काकांचं लग्न लावलं होतं. काकांनी त्यांच्या टेबलावर चिठ्ठी ठेवली: 'जोसेफांच्या सणाला बायबलचं पहिलं वाचन मी करतो.'

फादरांनी ती दोनदा वाचली. "वाचन हवंय आणि तेही चिठ्ठी लिहून मागतोस?"

काका हसले नाहीत. त्यांनी चिमीची चिठ्ठी पुढे सरकवली. फादरांनी तीही दोनदा वाचली.

"हे बघ," ते म्हणाले, "जोसेफ बोलत नव्हते असं कुठे लिहिलंय? त्यांचं बोलणं कोणी लिहून ठेवलं नाही, एवढंच. पोराला रंधा धरायला शिकवताना काय नुसत्या खुणा केल्या असतील? आणि बाळाचं नाव येशू त्यांनीच ठेवलं, हे तर लिहिलेलंच आहे. नाव काय, कोणी मनातल्या मनात ठेवतं?"

काकांनी खिशात हात घातला, कागद बाहेर काढला आणि तसाच परत ठेवला. मग मान ताठ झाली, डोळे मिटले. फादर थांबले. मीही थांबले.

"म... म... मला जमेल?"

"जमणार नाही," फादर म्हणाले. "पण कर."

सणाच्या दिवशी चर्च भरलं होतं. काका इस्त्रीचा सदरा घालून वेदीजवळ गेले. उतारा दावीद राजाचा होता, जेमतेम दोन मिनिटांचा. काकांना अकरा मिनिटं लागली. मी घड्याळाकडे बघत होते, कारण त्यांच्याकडे बघवत नव्हतं. 'दावीद'मधला 'द' तर त्यांचा हाडवैरीच. मागून कोणीतरी फिसकन हसलं. पहिल्या बाकावरच्या एका गृहस्थांनी मदत म्हणून पुढचा शब्द मोठ्याने सांगितला. काकांनी त्यांना हाताने थांबवलं आणि तोच शब्द पुन्हा पहिल्यापासून काढला. घाम टपटप पुस्तकावर पडत होता. काकू ताठ बसल्या होत्या. चिमी बाकावर उभी राहून बापाच्या ओठांबरोबर स्वतःचे ओठ हलवत होती.

शेवटी "प्र... प्रभूचा शब्द" झालं आणि सगळ्या चर्चने "देवाला धन्यवाद" म्हटलं. इतक्या मोठ्याने ते मी तिथे कधी ऐकलं नव्हतं. त्यात थोडी सुटकाही असेल, खोटं कशाला बोलू?

बाहेर आल्यावर चिमी काकांच्या बोटाला लोंबकळली. "बाबा, तू द... दला अडकलास."

"हो."

"'द' सोपा असतो. मी 'ब'ला अडकते. ब... बघ."

"'ब'ला मी पण अ... अडकतो," काका म्हणाले. दोघं कोणतं अक्षर जास्त वाईट यावर घरापर्यंत भांडत गेले. दहा मिनिटांच्या रस्त्याला अर्धा तास लागला. काकू आणि मी मागे राहिलो. काकू पदराने डोळे टिपत होत्या आणि मला म्हणत होत्या, "ऊन किती आहे गं."

पुढच्या बुधवारी काका मेणबत्ती घेऊन चर्चला गेले. अडखळणं गेलं नाही, ना त्यांचं, ना तिचं. कारखान्यात ते बोलू लागले तेव्हा पहिले काही महिने लोक वैतागले. मग त्यांना वाट बघायची सवय लागली. मुकादमाने मात्र निवृत्त होईपर्यंत त्यांची वाक्यं पुरी करायची सोडली नाहीत.

चिमी आता एका दवाखान्यात खिडकीवर बसते आणि पेशंटची नावं पुकारते. कधी एखादं नाव अडतं. मग बाकावरची माणसं मान वर करून तिच्याकडे बघत राहतात, आणि ती नाव पुरं करते. गेल्या महिन्यात मी तपासणीला गेले होते तेव्हा माझंही तिने पुकारलं. दोन श्वास लागले. मी बसून राहिले, पूर्ण ऐकलं आणि मगच उठले.