चौकशीत झोपलेला ड्रायव्हर

ती केस आजही माझ्या डोळ्यांसमोर आहे. मी फार शिकलेलो नाही. शिपाई म्हणून लागलो, सहायक फौजदार म्हणून सुटलो. जसं आठवतं तसं लिहितो.

कोलशेतला भर दुपारी शाळेची रिकामी बस रस्ता सोडून एका कोळणीच्या अंगावर गेली. बाईचा पाय मोडला. ब्रेक मारल्याची खूण रस्त्यावर कुठेच नव्हती. ड्रायव्हरला ठाण्यात आणलं. तेवढ्यात एका रिक्षावाल्याने खबर दिली, हा सिग्नलला बसल्या जागी डोलतो, नक्की काहीतरी घेतो. मशीनमध्ये फुंकायला लावलं, दारू निघाली नाही. मग गोळ्या खात असेल असं धरून रक्त तपासणीला पाठवलं आणि त्याला चौकशीला बसवलं.

नाव विचारून पत्त्यावर येईपर्यंत हा खुर्चीत घोरायला लागला. आमचा एक ठोकताळा असतो. ठाण्यात पहिल्यांदा आलेल्याला झोप लागत नाही, झोपतो तो मुरलेला. साहेब म्हणाले, सराईत आहे, रेकॉर्ड काढा. काढलं. साधा दंडसुद्धा नव्हता.

इतक्यात शहाडहून त्याची बायको आली. घोरणं मध्येच बंद पडलं, तशी ती मला न विचारता आत शिरली आणि त्याच्या बरगडीत कोपर मारलं. तो श्वास ओढत दचकून उठला. मी खवळलो.

"साहेब, ढोसलं नाही तर श्वासच घेत नाही हा. रोज रात्री हेच करते मी."

"पितो का?"

"पीत असता तर बरं. उतरली तरी असती."

रक्तात काही सापडलं नाही. सरकारी दवाखान्यात रात्रभर वायरी लावून तपासलं. झोपेत श्वास अडकतो, स्लीप ॲप्निया. रात्री झोप पुरी होत नाही, म्हणून दिवसा स्टेअरिंगवर डोळा लागतो.

अपघाताचा गुन्हा राहिला, नशेचा संशय गेला. कोळणीला सांगायला गेलो. मला वाटलं शिव्या घालेल. ती म्हणाली, "माझा पाय मोडला तो मोडला. त्याला आधी बरा करा, नायतर उद्या बसमधी पोरं असतील."

तो रात्री नाकाला श्वासाचं मशीन लावून झोपायला लागला. डॉक्टरांनी लेखी दिल्यावरच पुन्हा गाडीवर बसला. मध्यंतरी भेटला, तरतरीत दिसला. बायको आता सकाळी उशिरा उठते म्हणे.

झोपलेल्या माणसाला स्वतःचं काही कळत नाही. साक्ष शेजारी झोपणाराच देतो. अपघातात ड्रायव्हरच्या तोंडाचा वास घ्या, पण घरच्यांनाही विचारा, हे मी त्या केसमध्ये शिकलो.

माझी बायको मागच्या साली गेली. मी अजून गाडी चालवतो, आणि घोरतो का ते सांगायला घरात कोणी नाही. म्हणून जाऊन वायरी लावून घेतल्या. डॉक्टर म्हणाले, काही नाही, घोरतासुद्धा फारसे नाही. ती असती तर डॉक्टरशी भांडली असती.