माळेचं माप

नवरा आणि मी सातपूरच्या एकाच कारखान्यात होतो. लोखंडाची भुकटी साच्यात दाबून स्कूटरचे सुटे भाग बनवायचे आणि मग ते भट्टीत भाजायचे, हे आमचं काम. नवीन साचा आला की नवरा चाचणीच्या प्रेसवर त्यात भुकटी भरून दाबायचा, भट्टीआधीचा कच्चा तुकडा बिस्किटासारखा मोडायचा आणि कुठे सैल राहिलाय ते सांगायचा. साचा पुन्हा दुरुस्तीला जायचा. एकेका भागाला महिना लागायचा आणि त्याचं कोणाला काही वाटायचं नाही.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस कंपनीनं संगणक घेतला आणि ड्रॉइंग विभागातली म्हणून मला त्याच्यासमोर बसवलं. डब्यात पीठ मुठीनं दाबलं की वर घट्ट बसतं, तळाशी भुसभुशीत राहतं. भुकटीचंही तसंच. भिंतींना घासून वरचा जोर खाली पोचत नाही. साचा बनवण्याआधीच हे पडद्यावर दिसायला हवं होतं: घट्ट तिथे निळं, सैल तिथे लाल. सुरुवातीला माझी चित्रं सपशेल चुकायची. जेवताना नवरा विचारायचा, "काय म्हणतो तुझा टीव्ही?" मी चिडायचे. आता वाटतं, तेच दिवस बरे होते.

मग आत पायरी असलेला एक अवघड भाग आला. साहेबांनी आम्हा दोघांदेखत सांगून टाकलं, की याचं चित्र बरोबर निघालं तर चाचणीचा प्रेस बंद. माझ्या चित्रात पायरीच्या आतल्या कोपऱ्यात लाल डाग आला. तो खोटा ठरावा असं मला मनापासून वाटत होतं. आणि खोटं कशाला बोलू, खरा ठरावा असंही वाटत होतं.

नवऱ्यानं तुकडा दाबला, मोडला आणि बराच वेळ पाहत राहिला. कोपरा ठीक आहे म्हणाला असता तरी कोणी तपासलं नसतं, एवढा त्याच्या शब्दावर विश्वास होता. तो सटाण्याचा. माझ्याकडे बघून घरच्या अहिराणीत म्हणाला, "तुनं चित्र खरं शे." साहेबांना ते कळलं नाही. मग त्यांच्यासाठी त्याला तेच मराठीत पुन्हा सांगावं लागलं.

प्रेस विकला गेला. नवऱ्याला पॅकिंगला टाकलं. घरी तो भांडला नाही, टोमणाही मारला नाही. टीव्हीची चेष्टासुद्धा बंद झाली. त्या मुकाट जेवणांचा मला राग यायचा, आणि रागावायचं कोणावर ते कळायचं नाही.

खंडेनवमीला प्रेसची माळ दरवर्षी नवराच ओवायचा. त्या वर्षीही सकाळी झेंडू घेऊन बसला. कारखान्यात पूजेला संगणक मांडला होता. त्यानं माळ घातली तर ती टेबलावरून थेट जमिनीवर लोळली. हातांनी सवयीनं प्रेसचंच माप धरलं होतं. कोणीतरी हसलं. त्यानं खाली बसून माळ गोळा केली आणि दुहेरी, तिहेरी करत संगणकाला गुंडाळली.

कुंकवाचं बोट घेऊन मी तशीच उभी राहिले. मला ते लावता येईना.

"लाव," तो हळूच म्हणाला. "त्या बिचाऱ्याचा काय दोष?"