डेल्मरची सॅक आणि व्हर्लिनचा नियम

माझा धाकटा भाऊ डेल्मर याच्या गॅरेजमध्ये गाडी मावत नाही. गाडी बाहेर बर्फात कुडकुडते आणि आत खुंट्यांवर शिकारीच्या सॅका सुखाने लोंबतात. एक हिरवी, एक झाडाच्या सालीच्या छापाची, एक इतक्या खिशांची की तिच्यात चष्मा ठेवला तर तो पुढच्या हंगामातच सापडावा. त्याची बायको लव्हॉन म्हणते, या घरात टांगायला खुंटी सगळ्यांना आहे, फक्त माझ्या कोटाला नाही.

डेल्मर तसा स्वभावाने गरीब माणूस. जन्मभर त्याने खोऱ्यातल्या रस्त्यांवरचा बर्फ लोटायची गाडी चालवली. म्हणजे जन्मभर बसला. बसून बसून माणसाचं जे होतं ते त्याचं झालं. खालचा भाग पसरला, वरचा वाकला. पण ऑक्टोबर सरत आला, डोंगरावरून एल्क, म्हणजे आमच्याकडची घोड्याएवढी हरणं, खाली उतरायला लागली, की याच्या अंगात वारं शिरतं. शिकाऱ्यांची नारिंगी बंडी चढवून आरशासमोर उभा राहतो. मॉन्टानात जन्मलेल्या पुरुषाला वय कळत नाही, फक्त हंगाम कळतो.

आता नियमाचं सांगते, कारण सगळं घोडं तिथेच अडलं. आमच्या मावशीचा मुलगा व्हर्लिन हा शिकारीच्या कॅम्पाचा कारभारी. डोंगरात, ओढ्याच्या काठी, त्यांचा तंबू दर वर्षी एकाच जागी लागतो आणि तिथे व्हर्लिनचा शब्द चालतो. नियम असा की ज्याने जनावर पाडलं, त्याने त्याचा मागचा एक पाय, हाडासकट, आपल्या पाठीवर कॅम्पात आणायचा. बाकीचं मांस सगळे मिळून आणतात. पण तो एक पाय ज्याचा त्याने. आणता आला नाही, तर पुढच्या वर्षीपासून बंदूक घरी ठेवायची आणि कॅम्पात स्वयंपाक करायचा. एल्कचा मागचा पाय म्हणजे दहा वर्षांचा गुटगुटीत पोरगा, तोही झोपेत असलेला. हा नियम व्हर्लिनच्या बापाने घातला. त्याच्याकडे तेव्हा दोन खेचरं होती, पण नियमात खेचरांचा उल्लेख नाही.

या नियमाचा बळी होता ऑरिन. आमच्याच गल्लीतला, सुतारकाम करायचा, कॅम्पात सगळ्यांत चांगला नेमबाज. एका वर्षी पाय घेऊन निघाला, अर्ध्या चढावर बसला, तो उठलाच नाही. बाकीच्यांनी त्याला आणि पायाला दोघांनाही आणलं. तेव्हापासून तो पॅनकेक भाजायचा. सगळे म्हणायचे, ऑरिन, तुझ्या हाताला काय चव आहे. तो मान खाली घालून तव्याकडे बघायचा. या उन्हाळ्यात तो मुलीकडे ॲरिझोनाला कायमचा गेला आणि चुलीमागची जागा रिकामी झाली.

चर्चच्या जेवणाला व्हर्लिनने बटाट्याचं भांडं पुढे सरकवत सहज विचारलं, या वर्षी कॅम्पात कोण रांधणार बरं? विचारलं सगळ्यांना, पण बघितलं डेल्मरकडे. डेल्मरने न वाढून घेताच भांडं पुढे दिलं. मागच्या वर्षी त्याने पाय आणला होता खरा, पण दिवस मावळताना, चारी पायांवर, आणि नंतर आठवडाभर जमिनीवर झोपला होता. सगळ्या गावाला ठाऊक होतं की पुढचा ऑरिन हाच.

दुसरा कोणी असता तर त्याने वजन कमी केलं असतं, चालायला सुरुवात केली असती. डेल्मर दुकानात गेला. नाचता येईना अंगण वाकडं, तसं याला चढवेना, सॅक वाकडी.

दुकानातला दाढीवाला विक्रेता स्वतः कधी डोंगरात गेला असेल तर माझं नाव आर्डिस नाही, पण बोलायला वस्ताद. त्याने डेल्मरला पटवलं की जड मांस नसतंच, चुकीची सॅक असते. हे वाक्य डेल्मरला इतकं आवडलं की त्याने घरी येऊन ते लव्हॉनला ऐकवलं. लव्हॉन कांदा चिरत होती. ती म्हणाली, "सॅक नवी आणलीस, छान केलंस. पाठ कुठली आणलीस?"

पहिली सॅक ती खिशांची. दिवसभराच्या शिकारीला काय काय लागतं याची डेल्मरची कल्पना मोठी आहे. दोन सुऱ्या, करवत, दोरखंड, मांसाच्या जाळीदार पिशव्या, बसायला घडीची खुर्ची, सुके मोजे, दुपारचं सँडविच आणि ते हरवलं तर दुसरं सँडविच. खिसा दिसला की तो भरलाच पाहिजे असा त्याचा धर्म. मांसाचा तुकडा आत पडायच्या आधीच तो घामाघूम. ती गेली खुंटीवर. दुसरी सॅक आली, ती पावलागणिक कुईकुई करायची. लव्हॉनचा बहिरा कुत्रासुद्धा मान वर करून बघायचा, मग एल्कचं काय सांगावं. तिसरी पिसासारखी हलकी, आणि खरोखर पिसासारखीच. भरून उचलली तशी तिची शिवण उसवली.

चौथीच्या वेळी विक्रेत्याच्या सल्ल्यावरून त्याने परीक्षा घ्यायची ठरवली. कोंबड्यांच्या खाद्याचं पोतं सॅकेत घालून तो दफनभूमीच्या चढाने वर-खाली करू लागला. भरदिवसा, नारिंगी बंडी घालून. पाद्र्याची बायको थांबून विचारू लागली, घरी काही भांडण झालंय का, राहायला जागा हवी आहे का. एका परगावच्या गाडीवाल्याने त्याला लिफ्ट देऊ केली आणि नको म्हटल्यावर एक सफरचंद देऊन गेला. डेल्मरने ते खाल्लं.

पोतं मात्र छान चढलं. डेल्मर खुशीत माझ्याकडे आला आणि म्हणाला, ताई, सापडली. मी सॅक आतून बघितली. लांबलचक झोळी, तळ सैल. मी म्हटलं, अरे, पोतं बसवलं तिथे बसतं. मांस कधी बसलंय? ते ओलं, गुळगुळीत, ते घसरत घसरत तळाशी जातं आणि तिथून माणसाला मागे ओढतं. आपल्या घरात हे शेंबडं पोरही सांगेल. पण डेल्मरला विक्रेत्याने पोत्याचं सांगितलं होतं, मांसाचं नव्हतं.

लव्हॉनने उपाय काढला. जुनी गोधडी टबात बुडवली, पिळली नाही, तशीच गुंडाळून सॅकेत कोंबली. जा म्हणाली आता. डेल्मर निघाला. दफनभूमीच्या फाटकापर्यंत पोहोचेतो गोधडी तळाशी जाऊन बसली होती, तो मागे कलला होता आणि पाणी झिरपून पँटीची मागची बाजू पार भिजली होती. समोरून व्हर्लिनची गाडी आली. व्हर्लिनने काच खाली केली, पँटीकडे बघितलं, आणि म्हणाला, "डेल्मर, लेका, या वयात लाज वाटायचं कारण नाही. डॉक्टरला दाखव." आणि काच वर केली.

त्या दिवशी डेल्मर जेवला नाही. मी त्याच्यावर हसले, आज सांगतानाही हसते, पण त्या रात्री त्याच्या ताटाकडे बघून मला कळलं की गोष्ट सॅकेची नाहीच. बापाने त्याला त्या डोंगरात बोट धरून नेलं होतं. तिथे आता त्याला चुलीमागे उभं करणार होते आणि चव छान आहे म्हणणार होते.

शेवटी जी सॅक ठरली ती दिसायला अगदी साधी. मातकट, चार खिसे, आवाज नाही. दिवसभर पाठीला चिकटून राहील एवढीच. पण तिची झोळी पाठीमागच्या सांगाड्यापासून सुटी व्हायची, आणि मधल्या फटीत मांस उभं, उंच, दोन खांद्यांच्या मध्ये आवळून बांधता यायचं. कमरेचा पट्टा रुंद, म्हणजे ओझं खांद्यावर न राहता कमरेवर बसायचं. ओली गोधडी तिच्यात हलली नाही. डेल्मर चढ चढून उतरला आणि पँट कोरडी. लव्हॉनने पँट हाताने चाचपून बघितली आणि म्हणाली, हीच घे.

हंगाम लागला. पहिले काही दिवस डेल्मरला एल्कचं शेपूटही दिसलं नाही. मग एका सकाळी खालच्या घळीतून एक गोळी ऐकू आली. जवळच होती, तरी सँडविच खाऊन हा तिथे उतरेपर्यंत दोन-तीन तास गेले. घळीच्या तळाशी व्हर्लिनने मोठा नर पाडला होता. कातडं काढून झालं होतं, पाय सुटे करून झाले होते, तीन पाय झाडाला टांगले होते. चौथा व्हर्लिनच्या बापाच्या, पाठीवर ओझं वाहायच्या जुन्या लाकडी चौकटीला बांधलेला, आणि ती चौकट पाठीला लावून व्हर्लिन जमिनीवर बसलेला. नुसता बसलेला. पुढचं मला डेल्मरने मांस कापायच्या टेबलाशी सांगितलं, कोणाला सांगू नकोस म्हणून. आता सगळ्या खोऱ्याला माहीत आहे, तेव्हा लिहायला हरकत नाही.

"दम घेतोय जरा," व्हर्लिन म्हणाला.

"घे की," डेल्मर म्हणाला. "घाई काय आहे."

व्हर्लिनने दम घेतला. मग झाडाला धरून उठायला गेला. डावा गुडघा थरथरला आणि तो पुन्हा होता तिथे. दोघांनीही वर आकाशाकडे बघितलं, जणू पाऊस येतोय का बघतायत. वर कावळे जमत होते. आमच्याकडे कावळे जमले की मागोमाग अस्वल येतं, हे दोघांनाही ठाऊक होतं.

इथे डेल्मरच्या जागी मी असते तर डॉक्टरचा पत्ता दिला असता. पण डेल्मर गरीब. तो आपल्या सॅकेचा पट्टा चाळवत म्हणाला, "व्हर्लिन, एक काम कर माझं. ही सॅक मी गोधडीवर तपासलीय, खऱ्या मांसावर नाही. तुझा पाय जरा भरून बघू?"

व्हर्लिन म्हणाला, "तपासायची आहे?"

"तपासायचीच आहे फक्त."

"मग बघ बाबा. तुझी हौस."

आणि डेल्मरने तो पाय उचलला. कसा उचलला ते त्याचं त्याला माहीत. घळीच्या काठापर्यंतचा चढ सरळ अंगावर येणारा. तो दहा पावलं टाकायचा, झाडाला टेकायचा, पुन्हा दहा. मागून व्हर्लिन रिकामी चौकट पाठीवर घेऊन, काठी टेकत, लंगडत येत होता आणि सूचना करत होता. पट्टा आवळ. पुढे वाक. माझ्या बापाच्या वेळी असले पट्टे नव्हते. डेल्मरला उत्तर द्यायला श्वास नव्हता, नाहीतर खेचरांची आठवण त्याने नक्की करून दिली असती. सॅक मात्र हलली नाही, घसरली नाही, कुरकुरली नाही. कुरकुरायचं काम व्हर्लिनने केलं.

कॅम्पाच्या अलीकडच्या वळणावर, सपाटीवर आल्यावर, व्हर्लिन थांबला. म्हणाला, आता दे. म्हणजे कॅम्पात जाताना पाय याच्या पाठीवर हवा. पण पाय सोडवून लाकडी चौकटीला पुन्हा बांधायचं त्राण दोघांतही नव्हतं. तेव्हा डेल्मरने सॅकच उतरवून व्हर्लिनच्या पाठीवर चढवली. आणि हा आमचा कारभारी, कॅम्पाचा कायदा, डेल्मरची नवी मातकट सॅक पाठीवर घेऊन, ताठ मानेने, लंगडत कॅम्पात शिरला. मागे डेल्मर, पाठीवर व्हर्लिनच्या बापाची रिकामी चौकट.

चुलीजवळ व्हर्लिनचा मुलगा रॉडनी अंडी करपवत होता. आणखी दोघं बंदुका पुसत होते. सगळ्यांनी सॅककडे बघितलं. मग डेल्मरकडे. तो अजून कुत्र्यासारखा धापा टाकत होता आणि व्हर्लिनच्या कपाळावर घामाचा थेंब नव्हता.

व्हर्लिन म्हणाला, "डेल्मरची सॅक तपासत होतो."

कोणी हसलं नाही. रॉडनी तेवढा अंड्यांकडे वळला आणि त्याचे खांदे हलत होते.

बाकीचं मांस सगळ्यांनी मिळून आणलं आणि जेवणं झाल्यावर व्हर्लिनने घसा साफ करून जाहीर केलं की काळ बदललाय. हाडासकट पाय आणणं हा नुसता अडाणीपणा आहे, हाड कोण खातो? तेव्हा यापुढे हाड डोंगरातच काढायचं, पाय दोघांनी वाटून आणला तरी चालेल, आणि स्वयंपाक पाळीपाळीने. त्याच्या बापाचा नियम, ज्याला इतकी वर्षं कोणी बोट लावू शकलं नाही, तो एका डाव्या गुडघ्याने पाच मिनिटांत मोडला. कायदा चालवणाऱ्याचं दुखलं की कायद्याला दया येते. ऑरिनचं दुखलं तेव्हा ती आली नव्हती. हे मी पुढच्या रविवारी चर्चच्या पायरीवर व्हर्लिनला तोंडावर विचारलं. ऑरिनला कळवलंस का रे? तो म्हणाला, कळवतो. मग माझ्या स्वेटरचं कौतुक केलं. अजून कळवलेलं नाही.

डेल्मरने त्या वर्षी एकही जनावर पाडलं नाही. पण पुढच्या वर्षी बंदूक घेऊन जाणार हे पक्कं झालं, त्यामुळे तो आता गावात असा चालतो की जणू दहा पाडलेत. ते सगळं सॅकमुळे झालं असं त्याचं ठाम मत आहे. सांगून उपयोग नाही.

हिवाळ्यात एकदा मी आणि लव्हॉन स्वयंपाकघरात बसलो होतो. गॅरेजचं दार उघडं होतं. व्हर्लिन आला. आधी हवेचं बोलला, मग बर्फाचं, मग डिझेलच्या भावाचं. मग खुंट्यांकडे बघत म्हणाला की रॉडनीला एक सॅक घ्यायची आहे, दिवसभराची, मांसही नेता येईल अशी. रॉडनी बेचाळीसचा, बैलासारखा, त्याला प्लास्टिकची पिशवी दिली तरी एल्क घेऊन येईल.

डेल्मरने मान डोलावली. मातकट सॅक खुंटीवरून काढली, व्हर्लिनच्या पाठीला लावली, पुढे येऊन गुडघ्यावर बसला आणि कमरेचा पट्टा नीट मापाने आवळू लागला. आवळता आवळता, वर न बघता, त्या दाढीवाल्या विक्रेत्याच्या थाटात त्याने विचारलं, "रॉडनीचा गुडघा कुठला दुखतो? डावा की उजवा? त्याप्रमाणे पट्टा लावावा लागतो."

लव्हॉनने तोंडावर फडकं धरलं. व्हर्लिनने एकदा खुंट्यांकडे बघितलं, एकदा आपल्या बुटांकडे.

"डावा," व्हर्लिन म्हणाला.